गीझर नवा, लाइन नवी, आवाज जुनाच

गरम पाण्याचे पाइप वाजतात म्हणून बोलावलेल्या माणसाने आमचा गीझर बदलायला लावला, गरम पाण्याची अख्खी लाइन बदलली आणि पैसे घेऊन गेला. आवाज आहे तिथेच आहे. त्याचा फोन तेव्हापासून लागत नाही. नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सांगतो.

आवाज नेमका कधी येतो, हे त्याने एकदाही विचारलं नाही. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि त्याची दांडी खाडकन खाली पाडून तो बंद केला. भिंतीत धडाम! "ऐकलंत? टाकी आतून गेलीय, कधीही फुटेल." मग गीझरमधला जास्तीचा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी स्वतःच उचलली, पाणी उडालं, "हाही गेला." शेवटी टाकीच्या तळातून निघालेल्या खपल्या तळहातावर धरून म्हणाला, "पत्रा सुटतोय." घरात म्हातारी माणसं, लहान मुलं. टाकी फुटेल म्हटल्यावर कोण वाद घालणार?

त्यातली एक खपली मोरीच्या कोपऱ्यात पडून राहिली होती. पांढुरकी, बोटाने चुरली जाणारी. नंतर ती व्हिनेगरमध्ये टाकली तर बुडबुडे येऊन विरघळत गेली. म्हणजे ते जड पाण्यातले क्षार, पत्रा नव्हे. आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलली की पाणी येणारच, ती त्यासाठीच असते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण सव्वादोनशे मिलीलिटरने फुगतं. मागे पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर तेवढं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ते बंद करायला सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मात्र कधीही मारू नका.

पुढे दुसऱ्या कारागिराने आधी सगळं ऐकून घेतलं. आवाज एक नव्हता, तीन होते.

धडाम हा वॉटर हॅमर. वेगात येणारं पाणी एकदम अडलं की दाब उसळतो आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो. दांडीचे नळ आणि वॉशिंग मशीनचा विजेवरचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतात, तिथे हे हमखास. त्याने फक्त थंड पाण्याचा नळ तसाच आपटून बंद केला, तरी धडाम! गीझरचा संबंधच नाही. त्या पहिल्या गृहस्थाने थंड नळाला हात का लावला नाही, हे तेव्हा कळलं. उपाय म्हणजे पाइप क्लॅम्पने नीट धरायचा, दाब जास्त असेल तर कमी करायचा आणि त्या व्हॉल्व्हजवळ दाबाचा झटका झेलणारा अरेस्टर बसवायचा.

टिकटिक वेगळी. गरम नळ सोडल्यावर सुरू होते, नळ बंद केल्यावरही पाइप निवेपर्यंत चालते. १० मीटर तांब्याचा पाइप ४० अंशांनी तापला की जवळजवळ ७ मिलिमीटर लांबतो, सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप, तर अडीच सेंटिमीटर. त्याला सरकायला जागा हवी. आमची नवी लाइन सीपीव्हीसीची आणि भिंतीत सिमेंटने गच्च आवळलेली, त्यामुळे टिकटिक उलट वाढली! पैसे देऊन वाढवून घेतली म्हणा. भोकं मोठी करून आत मऊ वेष्टण घातलं तेव्हा कुठे थांबली.

तिसरा आवाज टाकीतलाच, खदखदल्यासारखा. क्षारांच्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे फुटतात. नव्या गीझरने गेला तो एवढाच, आणि पाणी जड असल्याने तोही परत येणार. जुनी टाकी साफ करून भागलं असतं. पण ती तो पहिला गृहस्थ "भंगारात टाकतो" म्हणत घेऊन गेला, त्यामुळे आता दाखवायलाही काही नाही. बिलावर नुसतं "पाइपलाइनचं काम" लिहिलंय, आवाजाचा उल्लेखच नाही. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न हाच आला, की आवाज बंद करून देतो असं लिहून कुठे दिलंय? काढलेला माल घरात ठेवून घ्या, आणि कोणता आवाज कशाने जाणार ते काम सुरू होण्याआधी कागदावर घ्या.