“साफ केल्यावर असंच दिसते, काकाजी”

हे लिहायला मला पाच महिने लागले. यात जितका नाणी साफ करून देणाऱ्या त्या माणसाचा दोष तितकाच माझा, आणि सासुरवाडीची मंडळीही हे वाचणार. पण परवा दिघोरीच्या एका ओळखीच्याने सहज विचारलं, “शेतात काही नाणी निघाली, साफ करून देणारा कोणी आहे का तुमच्या माहितीत?” तेव्हा लाज गुंडाळून ठेवली.

कुही तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन आहे. बोरपासून गेलेल्या जुन्या लोखंडी पाइपाचा जोड फुटला होता आणि तो कुठे पुरलाय हे सांगणारे बाबा आता नाहीत. भाच्याने मेटल डिटेक्टर आणला. दुपारपर्यंत पाइप सापडला, पण मशीन हातात आल्यावर पोरगा थांबतो थोडाच! बांधाजवळ आजोबांच्या काळातलं मातीचं घर पडलं होतं, तिकडे तो वळला. वीतभर खोलीवर पहिलं नाणं निघालं. संध्याकाळपर्यंत सतरा झाली. त्यात बारा तांब्याचे पाव आणे, चार चांदीचे रुपये आणि एक जाडजूड, ओबडधोबड ढब्बू पैसा. त्याच्यावर हिरव्या थराखालून फारसी अक्षरांचे फराटे दिसत होते. भाच्याने तळहातावर ठेवून चार-पाच फोटो काढले, दोस्तांना पाठवायला म्हणून. त्या फोटोंचं महत्त्व तेव्हा कोणाला ठाऊक!

पहिली माती मीच खाल्ली. देवघरातली तांब्याची भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, मग नाणी का नाही? चार पाव आणे घासले. निघाले ते नव्या विजेच्या तारेसारखे गुलाबी. सौ. म्हणाली, “हे तर काल पाडल्यासारखे दिसतात.” मला ते कौतुक वाटलं.

पुढे एका परिचिताने नागपूरच्या महाल भागातल्या एका माणसाकडे पाठवलं. जिन्यावरची खोली, टेबलावर भिंग, दिवा, छोटा काटा. माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. माझे चार गुलाबी पैसे पाहून त्याने कपाळावर हात मारला.

“हे काऊन केलं जी, काकाजी? तांब्यावर जो थर चढते ना, तेच नाण्याचं कातडं असते. तुमी कातडंच सोलून टाकलं.”

हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्यामुळेच मी फसलो. नाणं कडेला धरावं, बोटांच्या घामाने डाग पडतात, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं तर हिरवा चिकटा येतो, कागदी पाकीट बरं. त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. माझी समजूत अशी होती की ठग म्हणजे थापा मारणारा. हा तर मास्तरासारखा शिकवत होता.

मग सहज विचारल्यासारखं, “कलेक्टर ऑफिसात कळवलं का?”

“नाही.”

“बरं केलं. कोणाले सांगू नका. सगळं जप्त होते.”

माझा भाव त्याने याच एका प्रश्नात काढला. पण हे मला उशिरा कळलं.

उरलेली तेरा नाणी त्याने ठेवून घेतली. आठ दिवस लागतील, दोन हजार चारशे रुपये. मी पावती मागितली नाही. मागितली असती तर म्हणाला असता, “कशाची पावती लिहू जी?” काटा समोर होता, तरी एकही नाणं त्यावर ठेवून पाहिलं नाही. दहा रुपयांची मेथी घेताना मी काट्याकडे डोळे लावून उभा राहणारा माणूस.

आठ दिवसांनी चार रुपये चकाचक परत आले. आठ पाव आणे तपकिरी, नीट. ढब्बू पैसा मात्र गुळगुळीत तांब्याची चकती झाला होता. फारसी अक्षरं कुठेच नाहीत.

“अक्षरं जंगातच होती, काकाजी. जंग गेला, अक्षरं गेली. साफ केल्यावर असंच दिसते.”

मी मान डोलावली. पैसेही दिले.

वर महिनाभरात त्याचा फोन आला. मुंबईचा गिऱ्हाईक रुपयांना साडेतीन लाख देतो, फक्त रिझर्व्ह बँकेच्या एनओसीचे बारा हजार आधी भरा. इथे जावयाने वाचवलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावाने कोणी शुल्क, कमिशन वा कर मागितला तर भुलू नका, आम्ही अशा व्यवहारात नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं आहे. ते निवेदन त्याने मोबाइलवर समोर धरलं. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि मी बजाजनगरच्या एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांना चाळीस वर्षांचा नाण्यांचा नाद.

सरांनी रुपया टेबलावर टाकला. आवाज ‘ठप्’ आला. “खणखणीत नाणं म्हणतात ते उगाच नाही,” एवढंच म्हणाले. मग काटा काढला. राणीच्या काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजला तर थोडा कमी भरेल. माझे चारही १०.६च्या आसपास भरले. मी त्या माणसाने आधीच पढवलेलं बोललो की तेजाबात वजन घटतं. सर म्हणाले, “घटतं ना. शोऱ्याचा तेजाब चांदी खातोच. पण चार वेगवेगळ्या झिजेची नाणी तो मोजून सारखी खातो होय?”

पुढची युक्ती कोणीही घरी करू शकेल, म्हणून सविस्तर लिहितो. सराफी डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला वा काठाला टेकू द्यायचं नाही. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. या चांदीची घनता १०.३च्या घरात, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला आकडा १.१३च्या आसपास यायला हवा. माझं १०.६४चं नाणं १.२३ दाखवत होतं. भागाकार ८.६५. ही घनता जर्मन सिल्व्हरची, ज्यात नावापुरतीही चांदी नसते.

तरी तो म्हणणार की काकाजी, तुमची नाणी मुळातच नकली होती. म्हणून सरांनी भाच्याचे फोटो मागवले. दोन रुपये १८४०चे होते. त्या सालाचे रुपये दोन तऱ्हांचे आहेत. एकात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात डोक्याच्या दोन बाजूंना तुटतात. फोटोत मातीने माखलेल्या एका नाण्यावर अक्षरं स्पष्ट तुटलेली होती. परत आलेल्या दोन्हींवर सलग. “तेजाब चांदी खाईल,” सर म्हणाले, “अक्षरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणार नाही.”

म्हणजे सफाई हीच त्याची खरी सोय होती. मातीतलं नाणं आपण चमकलेलं कधी पाहिलेलं नसतं. मळकं द्यायचं आणि लख्ख घ्यायचं, मग मधल्या आठ दिवसांत बदललं काय हे ओळखायचं कशावरून? मळ गेला की ओळखही गेली. पाव आणे त्याने प्रामाणिकपणे परत केले, कारण ते ढिगाने मिळतात.

सरांनी माझे गुलाबी पैसेही पाहिले. पावसाळ्याने त्यांच्यावर फिकट हिरवी पूड आली होती, बोट लावलं की झडणारी. ते माझ्या मिठाचं देणं. मिठातलं क्लोराइड तांब्यात बसतं आणि दमट हवा मिळाली की आतून पोखरत राहतं. घट्ट, गुळगुळीत गडद हिरवा थर असेल तर घाबरायचं कारण नाही, तो नाण्याला जपतो. ही पूड मात्र नाणं खाते. सरांचा उपाय कंटाळवाणा आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणी बुडवून ठेवायची, पाणी रोज बदलायचं, हे आठवडे चालतं. माती सुटायला लागली की बांबूच्या काडीने हलकेच काढायची. घासायचं नाही. पुरती वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या डबीत ठेवायचं. चांदी काळी पडली असेल तर पडू द्यायची. आणि हे सगळं करण्याआधी दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, वजन आणि व्यास वहीत.

सरांना घेऊन मी महालात गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“जा ना काकाजी पोलिसात. नाणी कुठून आणली विचारतीन तर काय सांगान?”

दुसऱ्यांदा गेलो तर खोलीला कुलूप.

‘जप्त होते’ हेही त्याने अर्धवट सांगितलं होतं. १८७८चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठे आणि कधी सापडलं ते कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि हक्काचा हिस्साही जातो. पण कळवलं आणि कोणी मालक पुढे आला नाही, तर कायद्यात शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा अशी तरतूद आहे. सरकारला ते हवंच असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ते घेतं. आमच्या घरात शोधणारा भाचा आणि मालक मी! शिवाय शंभर वर्षांवरची नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, त्यांच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्या खोलीच्या भिंतीवर परवाना होता का, हे पाहायचं मला सुचलंच नाही. आणि माझं वाचून कोणी अडमच्या पांढरीवर किंवा मनसरच्या टेकडीवर मशीन घेऊन निघू नका. ती उत्खननाची स्थळं आहेत, तिथली भानगड याहून मोठी.

मागच्या सोमवारी सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात जाऊन अर्ज दिला. ‘सापडल्याची तारीख’ लिहिताना पेन अडखळलं, पण खरीच लिहिली. सोबत फोटो आणि चारही नकली रुपये नेले. पोलिसांतही तक्रार दिली आहे. होईल ते होईल.

रुपयांचं फार दुःख नाही. ढब्बू पैशाचं आहे. फोटो पाहून सर म्हणाले, भोसल्यांच्या वेळचा असू शकतो. नागपूरकर भोसल्यांची नाणीही मुघल बादशहाच्या नावाने, फारसीत पडत. १८५४मध्ये राज्यच खालसा झालं. नाणं हातात असतं तर वाचता आलं असतं. फोटोत दोन अक्षरं लागतात, तिसरं भाच्याच्या अंगठ्याखाली आहे.

कोणाकडे असं नाणं विकायला आलं तर कळवा. तांब्याचं, जाड, कडा वेड्यावाकड्या. एका बाजूला हिरव्या थरात नांगराचा तिरपा ओरखडा, त्यातून लाल तांबं दिसतं. वजन घेतलं नव्हतं.