डायरी की मीटर : रेडिओची प्रसारणवेळ विकत घेताना कोणता आकडा धरावा

रेडिओ केंद्राचा जाहिरात-विक्री प्रतिनिधी श्रोतासंख्येचा तक्ता पुढे ठेवतो, तेव्हा आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कसा मोजला आहे, हे आधी विचारावे. डायरी पद्धतीत निवडलेला श्रोता कोणते केंद्र केव्हा ऐकले याची नोंद आठवडाभर स्वतः करतो. मीटर पद्धतीत त्याने अंगावर बाळगलेले छोटे यंत्र प्रसारणात मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत टिपते. अमेरिकेतील मोठ्या शहरांत २००७ पासून मीटर येत गेले. लहान बाजारपेठांत, खर्चापायी, डायरी टिकून राहिली.

डायरीची दुखरी बाजू स्मरणाची आहे. रकाने पुष्कळदा नंतर, आठवून भरले जातात. त्यामुळे आवडत्या केंद्रापुढे ‘सात ते नऊ’ अशी सलग रेघ ओढली जाते आणि टॅक्सीत किंवा दुकानात कानावर पडलेले केंद्र सुटते. मीटर ते सोडत नाही. म्हणूनच मीटर आल्यावर केंद्रांची एकूण पोहोच, म्हणजे थोडा वेळ का होईना ऐकणाऱ्यांची संख्या, वाढलेली आणि दर श्रोत्यामागचा ऐकण्याचा वेळ घटलेला दिसला. मात्र मन लावून ऐकणे आणि नुसते कानावर पडणे यांतला फरक मीटरला कळत नाही, आणि यंत्र घरी विसरले की त्या दिवसाचे ऐकणेही गेले.

मोजणीचे पारंपरिक एकक पाव तास असते आणि त्यात किमान पाच मिनिटे (अमेरिकेतील मीटरच्या मोजणीत २०२५ पासून तीन) ऐकले तर तो पूर्ण पाव तास केंद्राच्या खात्यावर जमा होतो. ८.१० ते ८.२० ऐकणाऱ्याचे दोन पाव तास धरले जातात, ८.०३ ते ८.१३ ऐकणाऱ्याचा एकच. ऐकणे दोघांचेही दहाच मिनिटांचे. श्रोत्याला पाव तासाची सीमा ओलांडायला लावण्यासाठी निवेदक ‘थोड्याच वेळात’ असे का म्हणत राहतो, याचा उलगडा इथे होतो.

खरेदीच्या वेळी रेटिंग म्हणजे एकूण लोकसंख्येतील टक्का आणि हिस्सा म्हणजे त्या वेळी रेडिओ ऐकणाऱ्यांतील टक्का, हे वेगळे ठेवावे. मध्यरात्रीचा घसघशीत हिस्सा मोजक्याच कानांचा असू शकतो. सर्व स्पॉटच्या, म्हणजे जाहिरातीच्या एकेका प्रसारणाच्या, रेटिंगची बेरीज १०० असेल, तर ती निम्म्या लोकांना दोनदा ऐकवूनही होते आणि दहा टक्क्यांना दहादा ऐकवूनही. दोन दिवसांच्या सवलतविक्रीसाठी मी पहिला मार्ग घेईन आणि त्याला मीटरचे आकडे अधिक उपयोगी मानीन. नवे नाव रुजवायचे असेल तर निष्ठावान श्रोत्यांचे केंद्र बरे. तिथे डायरीवरही काम भागते, फक्त तिच्यातला ऐकण्याचा वेळ थोडा फुगलेला धरावा. एका केंद्राचा डायरीतला आकडा दुसऱ्याच्या मीटरमधल्या आकड्याशी ताडून दर ठरवणे मात्र सपशेल चूक आहे.

नमुन्याचा आकारही विचारावा. ४०० जणांच्या नमुन्यातील ५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३ ते ७ टक्क्यांमधले काहीही असू शकते. तेव्हा ५चे ६ झाले म्हणून कोणी वाढीव दर मागितला, तर आधीच्या तीन-चार फेऱ्यांची सरासरी मागून घ्यावी.