अडलेल्या शेळीसाठी कमरेतून भूल : तालुक्याच्या दवाखान्यातील सेवेचा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातील आमच्या गावी आम्ही चौदा शेळ्या पाळतो. गेल्या फेब्रुवारीत आमची दुसऱ्या वेताची उस्मानाबादी शेळी व्यायला टेकली, पण पाणमोट फुटून दोन तास झाले तरी करडाचे खूरसुद्धा दिसेना, तेव्हा तिला टेम्पोत घालून आम्ही तालुक्याच्या गावातील एका खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथे कमरेतून भूल देऊन तिची शस्त्रक्रिया झाली. शेळी पाळणाऱ्या प्रत्येकाला ही सोय माहीत असावी असे मला मनापासून वाटते, म्हणून या सेवेबद्दल सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी आमची एक शेळी अशीच अडली होती. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी तिघांनी तिला दाबून धरले आणि कोणतीही भूल न देता करडू ओढून काढले. तिचे ओरडणे अजून कानात आहे. ती तिसऱ्या दिवशी गेली.

या वेळी डॉक्टरांनी आत हात घालून तपासले आणि करडाची मान मागे वळलेली असून वाट अरुंद असल्याने पोट उघडावे लागेल असे सांगितले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती वजनाची. शेळीला काट्यावर उभे करून बत्तीस किलो ही नोंद त्यांनी कागदावर केली आणि त्यावरूनच औषधाचे माप ठरवले. याचे कारणही त्यांनी समजावून सांगितले. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या २ टक्के द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम औषध असते, आणि शेळीला हे औषध लवकर बाधते. मात्रा जास्त झाली तर झटके येऊ शकतात. चिरेच्या जागी वेगळे टोचावे लागले, तर तेही याच एकूण मापात धरावे लागते. नजरेच्या अंदाजाने सिरिंज भरणाऱ्या माणसाकडून ही भूल कधीही घेऊ नये, असे मी यावरून ठामपणे म्हणतो.

दोन्ही खुब्यांच्या हाडांच्या मधोमध, जेथे कमरेचे मणके संपून शेपटीआधीचे त्रिकोणी हाड सुरू होते, तेथील केस भादरून जागा आयोडीन आणि स्पिरिटने तीन वेळा पुसली गेली. मदतनिसाने शेळीचे मागचे पाय पोटाखाली पुढे ओढून पाठ वाकवली, त्यामुळे दोन मणक्यांमधली खाच डॉक्टरांच्या बोटाला स्पष्ट लागली. सुई आत गेल्यावर तिच्या बाहेरच्या टोकाशी औषधाचा एक थेंब ठेवला होता. सुई योग्य पोकळीत पोहोचताच तो थेंब आपोआप आत ओढला गेला. मग सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे घेऊन रक्त किंवा मणक्यातले पाणी येत नाही ना, हे पाहिले. शेळीच्या पाठीतील मज्जारज्जू बराच मागपर्यंत गेलेला असल्याने ही तपासणी टाळता येत नाही, आणि पाणी आलेच तर मात्रा बरीच कमी करावी लागते. औषध शरीराच्या उबेइतके कोमट करून सावकाश सोडले.

आधी शेपूट सैल पडली, मग मागचे पाय. तरीही डॉक्टरांनी घाई केली नाही. खुरांच्या मधली कातडी चिमट्याने दाबून पाहिली, पाय हलला नाही, तेव्हाच चीर घेतली. मी डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. शेळी पूर्ण जागी होती, कान हलवत होती आणि माझा हात हुंगत होती. आईने हळूच विचारले, ‘‘आते तिले दुखस का?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘नाही आजी, तिला फक्त ओढल्यासारखे वाटत असेल.’’ पोटात दोन करडे होती, दोन्ही जिवंत निघाली. शेळीला झोपेचे औषध दिलेले नसल्याने करडेही सुस्त झाली नव्हती. नाक पुसताच ओरडली, आणि मागचे अंग बधिर असतानाही तिने मान वळवून त्यांना चाटायला सुरुवात केली.

गाभण शेळी फार वेळ आडवी राहिली तर पोट फुगते, याचे भान त्यांनी ठेवले होते. औषध पुढे सरकून श्वास व रक्तदाबावर परिणाम होऊ नये म्हणून पुढचे अंग थोडे उंच ठेवले होते. शस्त्रक्रिया संपताच तिला छातीवर बसते केले आणि भूल उतरल्यावर दुखू नये म्हणून मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन आधीच देऊन ठेवले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाय दोन तास लुळे असताना तिला गुळगुळीत फरशीवर ठेवले होते. उठायच्या धडपडीत शेळीचे पाय फाकले, तर नस किंवा सांधा जाऊ शकतो. आम्ही टेम्पोतले गोणपाट आणि कडबा आणून खाली अंथरला. ही व्यवस्था दवाखान्याचीच असायला हवी. औषधांमुळे दूध किती दिवस काढून टाकायचे, हे मी विचारल्यावरच सांगितले गेले, लेखी काही मिळाले नाही. औषधांसह साडेतीन हजार रुपये खर्च आला; लहान शेतकऱ्याला तो जड आहे, पण बिल आधी सांगितले होते आणि नंतर त्यात एक रुपयाही वाढला नाही.

संध्याकाळपर्यंत शेळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि रात्री तिने ढेपेचे दोन घास खाल्ले. करडांना चीक मिळाला. टाके बाराव्या दिवशी काढले. आता दुसरी एक शेळी गाभण आहे. तिच्या तारखेची नोंद मी या दवाखान्यात करून ठेवली आहे आणि गोठ्यातली जुनी गादी धुऊन टेम्पोसाठी बाजूला काढली आहे.