टाचदुखी: इंजेक्शन घ्यावं की ताण द्यावा?

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ, आणि थोडं चाललं की ती ओसरते: प्लांटर फॅसायटिसची ही ठळक खूण. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला असतो.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा काही आठवडेच टिकतो. वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याची, टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती. मधुमेह्यांची साखरही काही दिवस वाढू शकते.

व्यायामाला धीर लागतो. पाऊल टेकण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, १० सेकंद धरायची. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. पुढे पायरीच्या कडेवर चवडा टेकवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश उचलायची, एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात तीन महिन्यांनी याचा नुसता बोटं ओढून ताण देण्यापेक्षा जास्त गुण दिसला.

माझा कौल व्यायामालाच. ओट्यापाशी तासन्‌तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायकांनी मात्र घरातही मऊ चप्पल घालावीच. दुखण्यामुळे व्यायामही जमेना, तेव्हाच डॉक्टरांशी इंजेक्शनाचं बोलावं.