ब्रँडचा हिरा की जीआयएचा रिपोर्ट?

बहिणीच्या अंगठीसाठी सराफाने दोन खडे पुढ्यात ठेवले. दोन्ही अर्ध्या कॅरटचे, म्हणजे जेमतेम 100 मिलिग्रॅम. एक डी बिअर्स या हिरे कंपनीच्या ‘फॉरएव्हरमार्क’ ब्रँडचा, दुसरा बिननावाचा, पण जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टसह. ब्रँडच्या खड्यावर चिन्ह आणि क्रमांक कोरलेला असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. खडा निवडण्याची जबाबदारी कंपनी घेते, आणि नावाचे पैसेही लावते.

जीआयए 1931 साली अमेरिकेत स्थापन झाली. ती हिऱ्यांची खरेदी-विक्री करत नाही, म्हणूनच तिच्या शब्दाला वजन आहे. तिची प्रयोगशाळा मुंबईतही आहे. रिपोर्टवर रंगाची प्रत (डी ते झेड), शुद्धता, वजन असतं; किंमत नसते. मी दहापट भिंगातून खड्याची कड निरखली. तिथला बारीक क्रमांक रिपोर्टशी जुळला, मग तोच जीआयएच्या संकेतस्थळावरही ताडून पाहिला. मन तिथेच निवांत झालं.

आम्ही दुसरा खडा घेतला. तुम्हाला ब्रँडच हवा असेल तर जरूर घ्या, पण प्रत कोणी ठरवली, विकणाऱ्याने की तिऱ्हाइताने, हे आधी विचारा. दुकानाच्या स्वतःच्या कार्डावरचं ‘व्हीएस1’, म्हणजे शुद्धतेची प्रत, हे दुकानदाराचंच म्हणणं असतं.