गोबर गॅसचा फुगा (दोन घनमीटर): गाई वाढवलेल्या घराने घ्यावा का?

गावात दूध संकलन केंद्र आलं आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गोठ्यांत संकरित गाई वाढल्या. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी हातात येतो, कापसासारखी वाट पाहावी लागत नाही. पण शेणही वाढलं. पावसाळ्यात उकिरड्याचं काळं पाणी नाल्याला आणि तिथून विहिरीकडे जायला लागलं, म्हणून आम्ही हा फुगा, म्हणजे शेण कुजवून स्वयंपाकाचा गॅस करणारी जाड कापडाची बंद पिशवी, बसवला. दोन संकरित गाई, एक गवळाऊ (आमच्या भागातली देशी गाय) आणि बैलजोडी, एवढ्या शेणावर तो चालतो.

आधी हिशोब करा. दोन घनमीटरला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. मोठं जनावर 10 ते 15 किलो देतं, म्हणजे चार जनावरं तरी हवीतच. एका गाईवर घेऊ नका, फुगा अर्ध्याहून जास्त रिकामा राहील.

स्वयंपाकासाठी उत्तम. दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, पऱ्हाटी-तुराट्यांचा धूर बंद झाला, सासूबाईंचा खोकला उतरला. थंडीत गॅस कमी येतो, तेवढी चूल लागते.

खरी अडचण पाण्याची. जेवढं शेण तेवढंच पाणी कालवावं लागतं. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते आणि संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला 60 लिटरच्या वरच पिते. आम्ही गोठा धुतलेलं पाणी वापरतो. त्यात फिनाईल मात्र पडू देऊ नका, गॅस करणारे जंतू मरतात. आमची गवळाऊ या उन्हात पाण्याला आणि चाऱ्यालाही हलकी. दूध कमी देते, पण गोठ्यातून तिला काढायची नाही असं माझं ठाम मत आहे.

विक्रेता सांगतो की फुगा घेतला की गोठा प्रदूषणमुक्त. हे खरं नाही. गाईचा बहुतेक मिथेन (गोबर गॅसमधला जळणारा वायू तो हाच) तिच्या ढेकरांतून बाहेर पडतो, शेणातून नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरतो. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. उघड्यावर सुकणाऱ्या शेणातून मिथेन थोडाच निघतो. फुग्यात हवा नसते, त्यामुळे तिथे तो मुद्दाम भरपूर तयार होतो. तो शेगडीत जळला तर फायदा. पाइपाच्या सांध्यातून गळत राहिला, तर उकिरडा बरा होता म्हणायची वेळ येते. म्हणून जोडणी करून देणाऱ्यासमोरच प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की तिथेच घट्ट करून घ्या. गॅस उरला तर सोडून देऊ नका, जनावरांची ढेप शिजवायला वापरा.

स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर फुग्यातून बाहेर येणारा शेणकाला, हा मला सगळ्यात मोठा लाभ वाटतो. तुरीला आणि नेपियर गवताला देतो, युरियाची पोती कमी आणावी लागतात. पण स्लरीचा खड्डा आतून पक्का बांधा आणि विहिरीपासून दूर ठेवा. पहिल्या पावसाआधी तो रिकामा करून स्लरी शेतात घाला, नाहीतर उकिरड्याचं तेच पाणी परत नाल्याला जाईल.

फुग्यावर सावली हवीच. आमच्याकडच्या उन्हात उघडा ठेवला तर कापड लवकर तडकतं. भोवती काटेरी कुंपण घाला, बकऱ्या वर चढतात. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात खरेदीच्या आधी करा.

चार जनावरं, पाणी आणि रोज सकाळी शेण कालवणारा माणूस असेल तर घ्या. पाचपैकी चार गुण. एक गुण त्या खोट्या जाहिरातीसाठी कापला.