मिनिकॉम आणि ५६के मॉडेम: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या कोकणातील शाखेत मुख्य इंटरनेट लाइन बंद पडली की राउटरमध्ये नेमके काय बिघडले आहे हे पाहण्यासाठी कोल्हापूरहून माणूस घाट उतरून पाठवावा लागत असे. त्यावर उपाय म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्या शाखेतील सिस्को राउटरच्या ऑक्स पोर्टला (मॉडेम लावून राउटर दुरून हाताळण्यासाठीच्या जोडणीला) यूएस रोबोटिक्सचे कुरिअर हे बाह्य मॉडेम जोडून ते टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनवर ठेवले आणि मुख्य कार्यालयातील लिनक्स संगणकाला त्याच कंपनीचे ५६३७ हे यूएसबी मॉडेम लावले. ही जोडी मी मिनिकॉम या लिनक्सवरील प्रोग्राममधून वापरतो, ज्यातून सिरिअल पोर्टला जोडलेल्या मॉडेमला आज्ञा टाइप करून देता येतात. पुढील मजकूर प्रामुख्याने मिनिकॉमच्या मांडणीविषयी आहे, कारण मॉडेम विकत घेणे सोपे असते आणि खरा वेळ मांडणीतच जातो.

खोक्यावर ५६के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, असे लिहिलेले असले तरी तो वेग अशा जोडणीत मिळणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. व्ही.९० आणि व्ही.९२ या मॉडेमच्या मानकांतला वाढीव वेग एक टोक थेट डिजिटल लाइनवर असेल तेव्हाच मिळतो, कारण त्या टोकाकडून येणाऱ्या संकेतावर अॅनलॉगचे डिजिटल करण्याचा संस्कार होत नाही. दोन्ही टोकांना साधी टेलिफोन लाइन असेल तर व्ही.३४ या आधीच्या मानकाची ३३,६०० बिट प्रति सेकंद ही कमाल मर्यादा. आमच्या लाइनवर चांगल्या दिवशी ३१,२०० किंवा २८,८०० मिळतात आणि राउटरच्या आज्ञा टाइप करण्यासाठी ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

यूएसबी मॉडेम लिनक्समध्ये वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले गेले. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर वापरकर्त्याला पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या डायलआउट गटात घातले आणि मॉडेममॅनेजर ही सेवा बंद केली की पोर्ट मोकळे मिळते. ही सेवा मॉडेम दिसताच स्वतःच त्याची चौकशी सुरू करते आणि मिनिकॉम उघडताना पोर्ट अडलेले आढळते.

मिनिकॉमच्या सिरिअल पोर्टच्या मेनूत तीनच गोष्टी पाहायच्या असतात: वेग १,१५,२०० आणि आठ-एन-एक (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट), हार्डवेअर फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला तारेवरून थोपवण्याची सोय) चालू, सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद. संगणक ते मॉडेम हा पोर्टचा वेग आणि मॉडेम ते मॉडेम हा लाइनचा वेग या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्ही.४२बिस हे डेटा आकुंचित करून पाठवण्याचे तंत्र अनुकूल मजकुरावर चारपटीपर्यंत काम करते, त्यामुळे पोर्टचा वेग लाइनपेक्षा बराच वर बांधून ठेवावा लागतो आणि मॉडेमचा साठा भरला की मॉडेमने सीटीएस ('पाठवायला मोकळे') या तारेवरून संगणकाला थोपवायचे असते. जुन्या सिरिअल मॉडेमबरोबर स्वस्तातली तीन तारांची केबल वापरणाऱ्यांना याच ठिकाणी गोंधळ होतो. त्या केबलमध्ये सीटीएसची तारच नसते, मिनिकॉम परवानगीची वाट पाहत राहतो आणि एकही अक्षर बाहेर जात नाही. पडदा निर्जीव दिसला म्हणून लोक मॉडेमला दोष देतात.

मॉडेमच्या मेनूत वेगाचा आपोआप शोध घेण्याचा एक पर्याय आहे आणि तो बंदच हवा. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या जुन्या मांडणीतून तो चालू अवस्थेत आला होता. फोन लागे, दोन्ही मॉडेम सूर जुळवीत, पडद्यावर 'कनेक्ट ३१२००' अशी ओळ उमटे आणि त्यानंतर केवळ चौकोन, उलटी प्रश्नचिन्हे आणि विरामचिन्हांचा सडा पडे. कारण सरळ होते: ती ओळ वाचून मिनिकॉम संगणकाच्या पोर्टचा वेग त्या आकड्याला जुळवू पाहत होता आणि मॉडेम मात्र ठरल्याप्रमाणे १,१५,२०० वरच बोलत होते. पूर्वीच्या २,४०० च्या मॉडेमना पोर्टचा वेग लाइनप्रमाणे बदलावा लागे, त्या काळातली ही सोय आहे. आजच्या मॉडेमला तिचा उपयोग नाही.

मिनिकॉमसोबत येणारी सुरुवातीची आज्ञावली कोणत्याही मॉडेमला चालावी अशी सर्वसाधारण आहे. मी ती काढून 'एटी&एफ१एक्स३एस७=९०' एवढीच ठेवली आहे. यूएस रोबोटिक्सच्या मॉडेममध्ये &एफ१ या एका आज्ञेने स्थिर पोर्ट वेग, दोन्ही दिशांचे हार्डवेअर फ्लो कंट्रोल आणि चूकदुरुस्ती हे सारे एकदम लागू होते. &एफ० मध्ये फ्लो कंट्रोल नसते, म्हणून दोहोंत गल्लत करू नये. एक्स३ मुळे मॉडेम डायल टोनची वाट न पाहता नंबर फिरवते. आमच्या ईपीएबीएक्सचा, म्हणजे कार्यालयातील टेलिफोन एक्सचेंजचा, अंतर्गत टोन मॉडेमला ओळखता येत नाही आणि एक्स४ (डायल टोनची वाट पाहणारी मांडणी) असताना प्रत्येक वेळी डायल टोन नसल्याचा संदेश येत असे. बाहेरची लाइन घेण्यासाठी नंबरच्या आधी शून्य आणि स्वल्पविराम लावला की मॉडेम मूळ मांडणीनुसार दोन सेकंद थांबते आणि तेवढे पुरते. मिनिकॉमची स्वतःची डायल करण्याची मुदत ४५ सेकंद असते. खराब लाइनवर हँडशेक, म्हणजे दोन मॉडेमची सूर जुळवणी, त्याहून लांबतो आणि जोडणी पूर्ण होण्याच्या बेतात असतानाच फोन तुटतो, त्यामुळे ही मुदत आणि एस७ (मॉडेमने जोडणीची वाट पाहण्याचे सेकंद) हे दोन्ही एकत्र वाढवावे.

पलीकडच्या टोकाची मांडणी अधिक नाजूक आहे. राउटरकडून येणारे प्रत्येक अक्षर मॉडेमने परत पाठवले, तर राउटर त्यालाच कोणीतरी टाइप केलेले नाव समजतो, पासवर्ड विचारतो, तो प्रश्नही परत येतो आणि दोघांचा हा संवाद रात्रभर चालू शकतो. म्हणून उत्तर देणाऱ्या मॉडेमवर ई० आणि क्यू१, म्हणजे प्रतिध्वनी आणि उत्तर-संदेश दोन्ही बंद, हे अनिवार्य आहे. एस०=१ ने ते पहिल्या रिंगला फोन उचलते. या आज्ञा राउटरमधूनच, ऑक्स पोर्टच्या नेमक्या वेगावर मॉडेमला द्याव्यात, म्हणजे त्याचा पोर्ट वेगही तिथेच बांधला जातो. कुरिअरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वीज जाऊन परत आली की प्रतिध्वनी आणि संदेश यांची अवस्था मॉडेमवरील डिप स्विच या छोट्या खटक्यांवरून ठरते. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको, त्यामुळे केवळ &डब्ल्यू करून आज्ञा साठवण्यावर विसंबून न राहता स्विच योग्य स्थितीत ठेवूनच मॉडेमचे खोके कपाटात ठेवले.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैमध्ये लाइनवर खरखर वाढली, बहुधा कुठल्यातरी जोडात पाणी गेले असावे, आणि जोडणी लागून मध्येच अडखळू लागली. फोन तुटल्यावर एटीआय६ ही आज्ञा दिली की मॉडेम त्या कॉलचा हिशेब दाखवते: किती अक्षरे गेली, किती ब्लॉक पुन्हा पाठवावे लागले, किती वेळा पुन्हा सूर जुळवावा लागला. एटीआय११ मध्ये संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तरही दिसते. आकडे पाहिल्यावर निष्कर्ष स्पष्ट होता. मॉडेम दर वेळी वरचा वेग पकडण्याचा प्रयत्न करत होते आणि गोंगाट वाढला की सारे थांबवून पुन्हा जुळवाजुळव करत होते. &एन८ देऊन लाइनचा वेग १४,४०० वर बांधल्यावर जोडणी लवकर लागू लागली आणि टिकूही लागली. टाइप करणाऱ्याला हा फरक जवळजवळ जाणवत नाही, फक्त राउटरची संपूर्ण मांडणी पडद्यावर मागवली तर ओळी सावकाश सरकतात. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए आणि एल दाबून ती सगळी फाइलमध्ये उतरवून घेता येते. ही सोय मी सर्वाधिक वापरतो.

मोठी फाइल या वाटेने पाठवण्याच्या फंदात पडू नये. १६ एमबीची राउटरची प्रणाली २८,८०० च्या निर्दोष लाइनवरही सुमारे दीड तास घेईल आणि पावसाळी लाइनवर ती पूर्ण जाईल याची शाश्वती नाही.

तक्रारी किरकोळ आहेत. मिनिकॉम आणि स्क्रीन (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारा प्रोग्राम) या दोघांचीही मुख्य कळ कंट्रोल-ए असल्यामुळे एकात दुसरा चालवताना बोटे गोंधळतात. मांडणी बदलल्यावर मूळ मांडणी म्हणून जतन केली नाही तर पुढच्या वेळी सारे पहिल्यासारखे दिसते. कंट्रोल-ए आणि क्यू ने बाहेर पडल्यास मॉडेम पूर्ववत केले जात नाही आणि फोन चालू राहू शकतो. त्यामुळे आधी एच ने फोन तोडावा, मग एक्स ने बाहेर पडावे, असा नियम मी कार्यालयात लावून घेतला आहे. राउटरवर अर्थातच पासवर्ड आहे, कारण हा नंबर कोणीही फिरवू शकतो. विंडोजवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला टेरा टर्म हा तशाच कामाचा प्रोग्राम दिला आहे. हायपरटर्मिनल हा त्याच कामाचा जुना प्रोग्राम विंडोज एक्सपीनंतर विंडोजसोबत येत नाही.

दिवाळीच्या सुमारास मुख्य कार्यालयाची टेलिफोन लाइन फायबरवर गेली. आता आवाज डेटाच्या छोट्या पाकिटांतून जातो आणि त्यातील विलंबाचा लहानसा चढउतार, जो बोलणाऱ्याच्या कानाला कळतही नाही, मॉडेमला मात्र पुन्हा सूर जुळवायला भाग पाडतो. १४,४०० वर जोडणी टिकेना, तेव्हा &एन६ देऊन वेग ९,६०० वर आणला आणि त्यावर सध्या काम भागते. शाखेची लाइन अजून तांब्याची आहे. तीही बदलल्यावर मॉडेमऐवजी मोबाइलच्या सिमवर चालणारे उपकरण घ्यावे, असा प्रस्ताव मी दिला आहे. तोवर ज्यांच्याकडे दोन्ही टोकांना तांब्याची लाइन शिल्लक आहे, त्यांनी ही जोडी निःसंकोच घ्यावी.